पत्ता बदला, पण जुन्या दारावर पाटी ठेवा

दौंड-मनमाड मार्गावरील 'बेलापूर' नावाचे रेल्वे स्टेशन श्रीरामपूर शहरात आहे. प्रवराकाठचे आपले बेलापूर गाव तेथून काही किलोमीटर दूर. दुसरे बेलापूर नवी मुंबईत. नवखा माणूस गोंधळतो, पण स्टेशनाबाहेर विचारले की कोणीही वाट दाखवतो. इंटरनेटवर ही सोय नाही. पत्त्यातील एक अक्षर चुकले की पडद्यावर '404, पेज नॉट फाऊंड' उमटते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढते.

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांनी आता वेबसाईट काढल्या आहेत. 404 दिसले की साईट बंद पडली असा त्यांचा समज होतो. तो चुकीचा आहे. दुकान उघडे आहे, नोकर हजर आहे, पण मागितलेली वस्तू त्या फळीवर नाही, एवढाच या आकड्याचा अर्थ. सर्व्हर पूर्ण बंद असता तर हे उत्तरही आले नसते. 403 म्हणजे आत जाण्यास मनाई, 500 म्हणजे सर्व्हरमधील बिघाड. आकडा पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

तपासाचा क्रम सोपा आहे. प्रथम पत्त्याचे स्पेलिंग पाहावे. लिनक्स सर्व्हरवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी धरली जातात. घरच्या विंडोज संगणकावर उघडणारे पान तेथे सापडत नाही, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. नंतर फाईल योग्य फोल्डरमध्ये चढली आहे का, हे पाहावे. वर्डप्रेसच्या साईटवर मुखपृष्ठ उघडते आणि बाकी सर्व पाने 404 देतात, तेव्हा दोष बहुधा पर्मालिंकच्या नियमांत असतो. ती सेटिंग पुन्हा सेव्ह केली की अनेकदा काम भागते. तरीही उलगडा न झाल्यास सर्व्हरचे लॉग वाचावे. कोणते पान मागितले गेले आणि काय उत्तर दिले, याची ती रोजकीर्दच असते.

परंतु सर्वांत मोठे नुकसान आपण स्वतःच्या हाताने करतो. 2024 साली अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. वेबसाईटवर नवे नाव घालताना पानांचे पत्तेही बदलले, तर छापलेली कार्डे, खोक्यांवरील क्यूआर कोड आणि गिऱ्हाइकांनी जपलेल्या लिंका एका दिवसात निकामी होतात. मजकूर खुशाल बदलावा, पत्ता शक्यतो बदलू नये. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच हे बजावून ठेवले आहे. बदलणे भागच असेल तर जुन्या पत्त्यावर 301 ची सूचना ठेवावी. ती गिऱ्हाइकाला आपोआप नव्या पानावर नेते. सर्वच जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवणे हा मात्र उपाय नव्हे. कुलूप मागणाऱ्याला दुकानाच्या दारात आणून सोडण्यासारखेच ते आहे.

आमचे स्पष्ट मत असे की, साईट नव्याने बांधून घेताना जुन्या-नव्या पत्त्यांची यादी कारागिराकडून लेखी मागून घ्यावी आणि प्रत्येक जुना पत्ता स्वतः उघडून पाहावा. त्यानंतरच बिल चुकते करावे.