बीबीएची पदवी आणि दुकानाची वही

आपल्या वसतिगृहातून बारावी झालेली काही मुले-मुली अलीकडे तालुक्याच्या गावातील एखाद्या लहानशा खासगी महाविद्यालयात बीबीएला प्रवेश घेताना दिसतात. त्यावर पालकांची प्रतिक्रिया बहुधा एकच असते : डी.एड. नाही, नर्सिंग नाही, भरतीची तयारी नाही, मग हे कशासाठी? या प्रश्नामागील काळजी आम्ही जाणतो. ज्या घरात पगाराची पहिली नोकरी हीच मानाची पहिली पायरी ठरली, त्या घराने व्यापाराच्या शिक्षणाकडे संशयाने पाहावे यात नवल नाही. तरीही हा अभ्यासक्रम आपल्या समाजाला हवा आहे, असे आमचे मत आहे. मात्र अनेक महाविद्यालयांत तो ज्या रीतीने उरकला जातो, त्या रीतीने नव्हे.

धंदा म्हणजे लबाडी असे मानणारे आपल्यात आजही आहेत. जेतवन दान देणारा अनाथपिंडिक श्रावस्तीचा व्यापारीच होता, एवढे त्यांना सांगून आम्ही पुढे जातो. अडचण खरी निराळीच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे ज्ञान होते, पण बाजाराने पत नाकारली. ही पत व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या साठत येते. तिथला मुलगा परीक्षेत नापास झाला तरी माल कुठून उचलावा, उधारी कुणाला किती दिवसांची द्यावी, हे त्याने जेवता जेवता ऐकलेले असते. आपल्या मुलांना ते वर्गातच शिकावे लागते. १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, त्याचे मोल आम्हांला या दृष्टीने वाटते.

लहान महाविद्यालयाला आम्ही नाक मुरडत नाही. घरापासून जवळ, वर्गात मोजकी मुले, प्राध्यापक नावाने ओळखणारे, या गोष्टी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला मोठ्या शहरात क्वचितच मिळतात. पण तेथेच तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्षाच्या मध्येच निघून जातात आणि मुले परीक्षेपुरत्या नोट्सवर राहतात. मार्केटिंगचे चार ‘पी’ तोंडपाठ असतात, पण आठवडी बाजारात भाजीवाली संध्याकाळी भाव का पाडते, याचा विचार कुणी करायला लावत नाही. सर्वांत वाईट अवस्था शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची. तो झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. फक्त पहिले पान बदलावे लागते. जी मुलगी तीन वर्षांत एकाही दुकानाची खरी वही उघडून पाहत नाही, तिच्या पदवीत व्यवस्थापन किती आणि छपाई किती?

प्रवेशाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस व बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. पुष्कळांना हे वेळेवर कळलेच नाही. त्याच वर्षी प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी नाव बदलून तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या छत्राखाली नेला. त्यामुळे फलकावर काय लिहिले आहे यापेक्षा विद्यापीठाची संलग्नता व परिषदेची मान्यता कोणत्या नावाला आहे, हे पालकांनी कागद मागून पाहावे. मागायला संकोच करू नये. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यावरील उत्पन्न असल्यास फ्रीशिपचा मार्ग राहतो. परंतु मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा आधार मिळत नाही. ‘आत्ता प्रवेश घ्या, शिष्यवृत्तीचे नंतर पाहू’ असे सांगणाऱ्या कारकुनापासून सावध राहिलेले बरे. शिष्यवृत्तीतील केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यातील शुल्काची रक्कम त्याने महाविद्यालयात भरायची असते. ती घरखर्चात गेली की परीक्षेच्या तोंडावर नावे अडतात.

एवढे सायास कशासाठी, याचे उत्तर सरकारी खरेदीत सापडते. २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावयाची आहे. हा वाटा वर्षानुवर्षे पूर्ण भरला गेलेला नाही. त्यात यंत्रणेची अनास्था आहेच. पण निविदा वाचणारा, जीईएम पोर्टलवर नोंदणी करणारा, जीएसटीचे विवरण वेळेवर भरणारा माणूस आपल्या कारखानदाराजवळ नसतो, हेही तितकेच खरे. २०१६ च्या स्टँड-अप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद होती. बँकेच्या टेबलावर मात्र प्रकल्प अहवाल आणि पुढील काही वर्षांचा ताळेबंद ठेवावा लागतो. बाहेरच्या एजंटाला पैसे देऊन करवून घेतलेला अहवाल मालकाला स्वतःलाच समजावून सांगता येत नाही आणि साहेबाच्या दुसऱ्याच प्रश्नावर तो गप्प होतो. आपल्या बीबीएच्या पदवीधरांसाठी ही जागा रिकामी आहे, असे आम्ही म्हणतो.

यात माजी विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे काम आहे आणि त्याला देणगी लागत नाही. आपल्यापैकी कुणाचे फॅब्रिकेशनचे शेड आहे, कुणाचे केटरिंग, कुणाचे टेम्पो चालतात, कुणाचे औषधांचे दुकान आहे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या दुकानात बसून ते घ्यावे. त्याला चहा आणायला पाठवू नये. त्याच्या हाती खरेदीची बिले, उधारीची वही आणि बँकेचे पासबुक द्यावे, महिन्याअखेरीस खरा नफा किती झाला ते काढायला सांगावे. आपली वही परक्याला दाखवणे मालकाला जड जाते, हे आम्ही जाणतो. पण ज्याने एकाच पंगतीत बसून जेवण केले, तो परका कसा?

येत्या स्नेहमेळाव्याला येताना प्रत्येक व्यावसायिक माजी विद्यार्थ्याने आपल्या व्यवसायाचे नाव, गाव आणि वर्षातून किती विद्यार्थ्यांना कामावर बसवून घेता येईल तो आकडा लिहून आणावा. एक असला तरी लिहावा. ही यादी शाळेच्या कार्यालयात राहील, आणि बारावीच्या निकालानंतर दाखला न्यायला येणाऱ्या पालकांना ती दाखवता येईल.