दुहेरी दुखण्याचा वाली कोण?

दारूच्या व्यसनात सापडलेला आणि त्याच वेळी मनोविकाराने ग्रासलेला मनुष्य आपल्या आरोग्यव्यवस्थेत दोन दरवाजांच्या मधोमध ताटकळत उभा आहे. मनोरुग्णालयात नेला तर ‘आधी दारू सोडवून आणा’ असे सांगण्यात येते. व्यसनमुक्ती केंद्रात नेला तर ‘ह्याला भास होतात, हा आमच्याकडचा रुग्ण नव्हे’ असे उत्तर पुष्कळदा मिळते. ह्या फेऱ्या रुग्ण मारीत नाही. त्याची म्हातारी आई मारते किंवा पत्नी मारते, आणि दोघींची शक्ती संपली की तो मनुष्य रस्त्यावर येतो, तुरुंगात जातो किंवा जिवाला मुकतो.

हा प्रश्न मूठभरांचा आहे असा कोणाचा समज असेल तर तो त्याने सोडून द्यावा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूपायी साहाय्याची गरज असलेल्या लोकांची संख्या देशात सुमारे ५ कोटी ७० लाख होती. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी अवघ्या एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाल्याचे त्याच पाहणीत आढळले. बंगळूरच्या ‘निमहान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात दर दहा प्रौढांपैकी एकाला काही ना काही मनोविकार असल्याचे दिसून आले. हे दोन समूह एकमेकांपासून वेगळे नाहीत. ते एकमेकांत मिसळलेले आहेत.

‘त्याने आपल्या हाताने ओढवून घेतले, आता भोगू दे’ असे म्हणणारे लोक आहेत. परंतु झोप उडालेला, कानांत आवाज ऐकू येणारा मनुष्य ते आवाज बुडवण्यासाठी पेल्याकडे वळतो, तेव्हा त्याने काय ओढवून घेतलेले असते? उलट, वर्षानुवर्षांच्या पिण्यामुळे मन ढासळलेलेही अनेक असतात. आधी व्यसन की आधी विकार, ह्याचा निवाडा पहिल्या दिवशी करता येत नाही. दारूने आणलेली उदासी पुष्कळदा काही आठवड्यांच्या संयमानंतर ओसरते. मूळची उदासी मात्र तशीच राहते. तोपर्यंत त्या माणसाजवळ बसून पाहणारे कोणी तरी लागते, आणि ते काम परिचारिकेचे असते.

डॉक्टर फेरीपुरते येतात. परिचारिका आठही प्रहर असते. दारू एकाएकी तुटली की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत थरथर, घाम, ताप आणि भ्रम यांचा उन्माद उसळू शकतो. हा मनुष्य वेडा झाला असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः तो मृत्यूच्या दारात असतो. त्याची नाडी, घाम, हातांचा कंप दर काही तासांनी तपासून नोंदवणारी जाणती परिचारिका हजर असेल तर तो वाचतो. शिरेतून ग्लुकोज देताना त्याआधी वा त्यासोबत ब-१ जीवनसत्त्व द्यावयाचे राहिले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र पोटात गेल्या तर श्वास मंदावतो. इतकेच नव्हे, क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णाने विडी-सिगारेट एकदम सोडली, तर त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. दोन्ही शास्त्रे ज्या परिचारिकेला शिकवलेली नाहीत, तिने ह्या गोष्टी कोठून ओळखाव्यात?

कायदा ह्या रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा मनोविकाराच्या व्याख्येतच समावेश केला आहे. साखळदंडास त्या कायद्याने पूर्ण मनाई केली असून रुग्णास बांधून ठेवण्यावर कडक बंधने घातली आहेत. साखळीची जागा मनुष्यबळाने भरून काढावयाची असते, हे मात्र कोणी ध्यानात घेतले नाही. एका रात्रपाळीत एका परिचारिकेवर अवघा कक्ष सोपवावयाचा आणि तिने मारहाण सोसून शांत राहावे अशी अपेक्षा करावयाची, हा न्याय नव्हे.

दोन्ही आजार एका छपराखाली हाताळता येतात, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले, ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच. तथापि सरकारी कारभारात दुभंग कायम आहे: मनोरुग्णालये आरोग्य खात्याकडे, तर केंद्राच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रे सामाजिक न्याय खात्याच्या अखत्यारीत. खाती दोन असोत. रुग्ण एकच आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. पहिली, दुहेरी दुखण्याच्या कारणास्तव कोणत्याही सरकारी वा अनुदानित संस्थेने रुग्णास परत पाठवू नये, असा स्पष्ट आदेश निघावा. पाठवणे अटळच असेल, तर पुढील संस्थेत खाट मिळवून देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असावी. दुसरी, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दोन्ही विकारांच्या शुश्रूषेचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका प्रत्येक पाळीत असाव्यात, आणि असे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेची बदली प्रसूतिकक्षात करण्याचा उफराटा प्रकार होऊ नये. तिसरी, रुग्ण घरी गेल्यावर त्याच्या घरी जाऊन विचारपूस करणारी परिचारिका नेमावी. कारण पुन्हा पिणे आणि औषध बंद करणे ही दोन्ही संकटे रुग्णालयात नव्हे, घरी ओढवतात.

पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. राज्याच्या ज्या कायद्याला आजही ‘दारूबंदी कायदा’ म्हणतात, त्याच्याच छत्राखाली सरकार दारूवर दरवर्षी हजारो कोटी रुपयांचा महसूल गोळा करते. त्यातील एक ठरावीक हिस्सा, मग तो लहान का असेना, ह्या शुश्रूषेसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे राखून ठेवावा. पेल्यामागे कर घेणाऱ्या सरकारला त्या पेल्याने कोसळलेल्या माणसाकडे पाठ फिरवण्याचा अधिकार नाही. येत्या अधिवेशनात आरोग्यमंत्री आणि सामाजिक न्यायमंत्री ह्या दोघांनी एकत्र बसून ह्याचे उत्तर द्यावे. त्या माउलीला आणखी एकही फेरी मारावी लागता कामा नये.