सोडलेला कर आणि श्रीलंकेचे अर्थमंत्री

सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेच्या अध्यक्षपदी निवडून आलेले अनुरा कुमार दिसानायके यांनी अर्थखाते स्वतःकडेच ठेवले. त्यांच्या आधी रानिल विक्रमसिंघे यांनीही तेच केले होते. निवडणुकीच्या प्रचारात दिसानायके यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी फेरवाटाघाटी करण्याचे आश्वासन दिले होते. मात्र सत्तेवर आल्यानंतर त्यांनी मांडलेले अंदाजपत्रक निधीच्या चौकटीतच राहिले. कर्जबाजारी देशाच्या अर्थमंत्र्याला निवडीस वाव किती थोडा असतो, हे यावरून दिसते.

श्रीलंकेच्या आर्थिक संकटाची चर्चा बहुधा परकीय कर्ज आणि चीनच्या पैशातून उभी राहिलेली बंदरे यांच्याभोवती फिरते. ते कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. २०१९ च्या अखेरीस गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. शिवाय या करासाठी नोंदणी बंधनकारक ठरविणारी वार्षिक उलाढालीची मर्यादा १ कोटी २० लाख रुपयांवरून थेट ३० कोटींवर नेली. विकासाचा वेग वाढेल आणि तूट आपोआप भरून निघेल, असा त्यामागचा हिशेब होता. काही महिन्यांतच कोरोनाची साथ आली आणि पर्यटन ठप्प झाले. २०२१ मध्ये सरकारी महसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९ टक्क्यांच्याही खाली गेला आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ व्याजापोटी खर्ची पडू लागली.

दरम्यान पतमापन संस्थांनी श्रीलंकेचा दर्जा घटविल्याने जागतिक रोखेबाजाराची दारे बंद झाली. त्याच वर्षी रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घालण्यात आली आणि भाताचे पीक घटले. एप्रिल २०२२ च्या आरंभी नेमलेल्या अर्थमंत्र्यांनी एका दिवसात राजीनामा दिला. १२ एप्रिल रोजी परकीय कर्जाची परतफेड स्थगित केल्याची घोषणा झाली. स्वातंत्र्यानंतर देशावर अशी वेळ प्रथमच आली होती. (१९९१ मध्ये भारतही या टोकाजवळ पोहोचला होता. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तेव्हा परदेशी गहाण पडले, पण परतफेड चुकली नाही.) सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतील महागाईचा वार्षिक दर ७० टक्क्यांच्या घरात होता.

सोडलेला कर परत मिळविणे किती कठीण असते, हे त्यानंतर दिसून आले. मूल्यवर्धित कर २०२२ मध्येच दोन टप्प्यांत पुन्हा १५ टक्के झाला आणि जानेवारी २०२४ पासून १८ टक्के. पूर्वी सूट असलेल्या पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसवरही तो लागू झाला. २०१९ च्या सवलतीचा मोठा लाभ व्यावसायिकांना मिळाला होता. वसुलीचा भार मात्र प्रत्येक घराच्या वाणसामानावर आला. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार या काळात दारिद्र्याचे प्रमाण दुपटीने वाढले आणि सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली गेली.

जनतेने हे सोसले, कारण इंधनाच्या रांगा तिच्या स्मरणात ताज्या होत्या. परतफेड चुकण्याआधीच असा भार टाकू पाहणाऱ्या केनियाचा अनुभव वेगळा आहे. तेथील २०२४ च्या वित्त विधेयकात पावावरही मूल्यवर्धित कर प्रस्तावित होता. विरोध वाढल्यावर तो वगळण्यात आला, तरीही २५ जून रोजी निदर्शक नैरोबीतील संसदेत घुसले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयक मागे घेतले. व्याजाचा बोजा मात्र तसाच राहिला.

धनकोंशी तडजोड करण्यातही श्रीलंकेची दोन वर्षांहून अधिक काळ गेली. जानेवारी २०२३ मध्ये भारताने सर्वप्रथम लेखी हमी दिली. मार्चमध्ये नाणेनिधीने चार वर्षांसाठी सुमारे ३ अब्ज डॉलर मंजूर केले. भारत, जपान व फ्रान्स यांच्या पुढाकाराने झालेल्या धनको समितीत चीन सामील झाला नाही. त्याच्याशी स्वतंत्र बोलणी करावी लागली आणि दोन्ही करार जून २०२४ मध्ये झाले. खासगी रोखेधारकांचा प्रश्न डिसेंबरमध्ये सुटला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मोटारींच्या आयातीवरील बंदी उठविल्याने त्या वर्षी जकातीचे उत्पन्न चांगले आले. परंतु साचून राहिलेली मागणी एकदाच पुरी होते, आणि आयातीसाठी डॉलरही लागतात. नोव्हेंबरअखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळाने शेकडो बळी घेतले. पुनर्बांधणीसाठी खर्च वाढविणे अपरिहार्य झाले आणि नाणेनिधीकडून सुमारे २० कोटी डॉलरचे तातडीचे कर्ज घ्यावे लागले. पुनर्रचित सरकारी कर्जाच्या मुद्दलाची परतफेड २०२८ पासून सुरू व्हायची आहे. तोपर्यंत परकीय चलनाची गंगाजळी वाढवायची आणि वाहून गेलेले रस्ते व पूलही उभारायचे, ही दोन्ही कामे कोलंबोच्या अर्थखात्याला एकाच महसुलातून करावयाची आहेत.