‘तुम्हीच डिलीट केलं असेल!’

ई-मेलसोबत आलेली फाइल घरच्या संगणकावर सापडत नाही म्हटलं, की समोरचा हेच वाक्य तोंडावर फेकतो. दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा म्हणतो, खिडकीपलीकडचा बाबू म्हणतो आणि पुण्याला आयटीत असलेला मुलगा फोनवरून म्हणतो. मग साठीतला शेतकरी बाप किंवा निवृत्त शिक्षिका असलेली आई ओशाळून गप्प बसते. गुन्हा कबूल! मला ही कबुली मान्य नाही. कारंज्यात ओळखीच्या घरांमध्ये अशा ‘गायब’ फाइली शोधत मी बरीच वर्षं फिरतो आहे. ज्याला आरोपी ठरवतात तो बहुतेक वेळा फिर्यादी असतो, हे माझं मत आता पक्कं झालं आहे. फाइल कुठेतरी धडधाकट असते. ती कुठे आहे हे मालकाला कळू नये, याची तजवीज मात्र कुणीतरी पगार घेऊन केलेली असते.

लोक काय सांगतात ते नीट ऐका. ‘भाऊ, मेल आला व्हता, म्या उघडून पाह्यला बी व्हता, आता सापडूनच नाही राह्यला.’ यातलं ‘उघडून पाह्यला’ महत्त्वाचं. बिचाऱ्याने फाइल उघडली, वाचली, कदाचित त्यात दोन ओळी दुरुस्तही केल्या. माणसाच्या लेखी काम झालं. यंत्राच्या लेखी उघडणं वेगळं आणि जपून ठेवणं वेगळं. हा फरक पडद्यावर कुणी ठळक अक्षरांत सांगितला आहे का?

जुन्या आउटलुकचा कारभार बघा. मेलमधली फाइल थेट उघडली की तिची एक नक्कल तात्पुरत्या फोल्डरात उतरते. ते फोल्डर कुठे? तुमच्या नावाच्या फोल्डरात ‘अ‍ॅपडेटा’, त्यात ‘लोकल’, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट’, त्यात ‘विंडोज’, त्यात ‘आयनेटकॅश’, त्यात ‘कन्टेन्ट डॉट आउटलुक’ आणि त्याच्याही पोटात वाटेल तशा इंग्रजी अक्षरांच्या नावाचं आणखी एक फोल्डर. यातलं ‘अ‍ॅपडेटा’ मुळातच लपवलेलं असतं आणि विंडोजचा शोध नेहमीच्या मांडणीत तिकडे फिरकतच नाही. म्हणजे तासभर खपून दुरुस्त केलेली फाइल ‘सेव्ह’ दाबल्यावर जिथे गेली, तिथे तुम्हाला दिसत नाही आणि शोधलं तरी मिळत नाही. वर ती जागा तात्पुरती, केव्हाही साफ होणारी. अलीकडच्या आवृत्त्या अशी फाइल फक्त वाचण्यापुरती उघडतात. दुखणं बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं, असाच याचा अर्थ. मधल्या काळात ज्यांचं काम पाण्यात गेलं, त्यांना मात्र आपण वेंधळे म्हणून मोकळे झालो.

या लपवण्याला हे बनवणारे सोपेपणा म्हणतात. सामान्य माणसाला फोल्डर-बिल्डर कळत नाही, म्हणून दाखवायचंच नाही! ज्या माणसाला सातबाऱ्यावरचा गट नंबर, पोटहिस्सा आणि फेरफाराचा क्रमांक तोंडपाठ असतो, त्याला म्हणे फोल्डर कळणार नाही. कळत नसेल तर ते दाखवत नाहीत म्हणून.

दाखवायचं नाही, या हट्टाची किंमत जगाने एकदा मोजली आहे. फाइल कोणत्या जातीची आहे हे तिच्या नावामागच्या टिंबापुढची अक्षरं सांगतात आणि विंडोज नेहमीच्या मांडणीत ती अक्षरं लपवून ठेवतं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा किडा मेलमधून जगभर पसरला, तो याच लपवाछपवीवर स्वार होऊन. अटॅचमेंटच्या नावात ‘टीएक्सटी’ दिसायचं, म्हणून लोकांना ते साधं पत्र वाटायचं. त्याच्या मागची ‘व्हीबीएस’ ही खरी अक्षरं विंडोजने झाकलेली असायची. त्या धड्यानंतर मेलच्या प्रोग्रामांनी संशयास्पद अटॅचमेंट अडवायला सुरुवात केली, ते योग्यच. नावामागची अक्षरं मात्र आजही झाकलेलीच आहेत. घरी ‘अर्ज’ नावाच्या तीन फाइली दिसतात, एक वर्डची, एक पीडीएफ आणि एक फोटो. तिन्ही ‘अर्ज’. चुकीची पाठवली की पुन्हा तोच शेरा: बघून पाठवत जा जरा.

आता एक दिलाशाची गोष्ट, जी त्या खिडकीपलीकडच्या बाबूलाही माहीत नसते. अटॅचमेंट मेलला लटकवलेली वेगळी वस्तू नसते. ती मेलच्या मजकुरातच असते. नॅथॅनियल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये यासाठी ‘माइम’ नावाची पद्धत मांडली. टपाल फक्त साध्या अक्षरांसाठी बांधलेलं होतं, म्हणून चित्र, आवाज, दस्तऐवज सगळ्याची अक्षरं करून ती मेलच्या पोटात घालायची. तीन बाइटांची चार अक्षरं होतात, त्यामुळे फाइल वाटेत साधारण एक तृतीयांशाने फुगते. याचा अर्थ सरळ आहे: मेल शाबूत तर फाइल शाबूत. संगणकावर शोधत बसण्याआधी मूळ मेलकडे जा आणि पुन्हा उतरवून घ्या. जीमेलच्या शोधखिडकीच्या उजव्या टोकाला एक खूण आहे. ती दाबली की ‘अटॅचमेंट असलेले’ एवढेच मेल वेगळे काढता येतात, पाठवणाऱ्याचं नाव आणि तारखांचा टप्पाही घालता येतो. ही खिडकी वर्षानुवर्षं तिथे आहे, पण ‘तुम्हीच डिलीट केलं असेल’ म्हणणाऱ्या एकाही शहाण्याने ती कुणाला उघडून दाखवल्याचं मी पाहिलेलं नाही.

अपवाद आहेत, आणि तेही तुमच्या चुकीचे नव्हेत. फाइल पंचवीस एमबीच्या वर गेली की जीमेल ती मेलमध्ये घालतच नाही, ड्राइव्हची लिंक देतं. फाइल राहते पाठवणाऱ्याच्या खात्यात. त्याने तिकडे ती पुसली की इकडे तुमच्या हाती नुसता पत्ता उरतो. कुणी आउटलुकमधून रिच टेक्स्ट प्रकारात मेल धाडला, तर दुसऱ्या प्रोग्राममध्ये तुमच्या कागदांऐवजी ‘विनमेल डॉट डॅट’ नावाचं न उघडणारं गाठोडं येऊ शकतं. फुकट मिळणारी पंधरा जीबी जागा लग्नाच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी भरली, की नवे मेल येणंच थांबतं. ‘रिप्लाय’ दाबला की मूळ अटॅचमेंट गळते आणि ‘फॉरवर्ड’ केला की टिकते. हा भेद कुठल्या शाळेत शिकवतात? आणि सगळ्यांत मोठा अपवाद माणसाचाच: ‘सोबत आवश्यक कागदपत्रे जोडली आहेत’ असं ऐटीत लिहायचं आणि काहीच जोडायचं नाही. आमच्याकडे निम्मा शोध अशा फाइलींचा चालतो ज्या कधी निघाल्याच नव्हत्या.

आता आपल्या लाडक्या दुरुस्तीवाल्याकडे येऊ. संगणक मंद झाला, फॉरमॅट मारा. आवाज येत नाही, फॉरमॅट मारा. प्रिंटर बोलत नाही, फॉरमॅट मारा. याच्या भात्यात एकच बाण. ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, काळजी नका करू,’ असं तो वर सांगतो. खरंच लावत नाही. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डरं मुळात सी ड्राइव्हवर असतात आणि घरातलं यच्चयावत तिथेच असतं. जुन्या पॉप पद्धतीने मेल घेणाऱ्यांची गत तर आणखी वाईट. त्या पद्धतीत ‘प्रत सर्व्हरवर ठेवा’ ही खूण केलेली नसेल, तर मेल तुमच्या संगणकावर उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. जगातली एकमेव प्रत त्या सी ड्राइव्हवर, आणि तिच्यावर हा फॉरमॅट मारणार. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे घराघरातले जुने डबे आता दुकानांच्या दारात जाऊन पडणार. दुकानदाराला माझा एकच प्रश्न: फॉरमॅट मारण्याआधी ‘मेल कुठे आहेत?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो?

ज्यांनी फॉरमॅट मारला नाही, त्यांच्यासाठी वनड्राइव्ह आहे. नव्या विंडोजमध्ये घाईत ‘होय’ दाबलं की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स गुपचूप वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात. फुकटची मर्यादा पाच जीबी. ती भरली की पैसे मागणारे निरोप सुरू. वैतागून ते बॅकअप बंद केलं की डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घरात रडारड होते. फाइली असतात वनड्राइव्हच्या फोल्डरात. गुपचूप सामान हलवणाऱ्या भाडेकरूला आपण घराबाहेर काढतो, इथे मात्र त्यालाच दरमहा भाडं द्यायचं.

वस्तू आहे पण सापडत नाही, हे कारंज्याच्या माणसाला जास्तच झोंबावं. आमच्या गावातल्या बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या परंपरांच्या जैन मंदिरांत शतकानुशतकं हस्तलिखितं जपली गेली. दहाव्या शतकातल्या महाकवी पुष्पदंताच्या अपभ्रंश काव्यांच्या पोथ्याही त्यांत होत्या. बाहेरच्या विद्वानांच्या लेखी त्या जवळपास नसल्यातच जमा होत्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली, ती १९२६ मध्ये नागपुरात छापली गेली आणि तिच्यात कारंज्याची भांडारं आली. त्यानंतर डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ मध्ये ‘जसहरचरिउ’ संपादित केलं आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी १९३३ मध्ये ‘णायकुमारचरिउ’. पोथ्या आधीही तिथेच होत्या. यादी झाली तेव्हा त्या जगाला सापडल्या. शिवाय जुने लेखनिक पोथीच्या शेवटी नोंद करून ठेवत: कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली. हाताने नक्कल करून बोटं दुखत असतानाही त्यांना एवढं भान होतं.

आणि आजचं कार्यालय काय पाठवतं? ‘स्कॅन०००१’. दुसरं पाठवतं ‘डॉक्युमेंट’. तिसरं पाठवतं ‘न्यू डॉक्युमेंट फायनल’, जे कधीच अंतिम नसतं. पाच जणांकडून आलेले पाच ‘स्कॅन०००१’ डाउनलोड्समध्ये उतरले की ब्राउझर त्यांच्यापुढे कंसात एक, दोन, तीन लावून मोकळा होतो. यातला पीक विम्याचा कोणता आणि मुलीच्या जातपडताळणीचा कोणता, हे ओळखायचं कुणी? माइमच्या पद्धतीत फाइलला नाव द्यायची सोय पहिल्यापासून आहे. नाव द्यायला पैसे पडत नाहीत. स्कॅन करणाऱ्याने दहा अक्षरं टंकली असती तर एका घराची संध्याकाळ वाचली असती. तेवढी तसदी तो घेत नाही, कारण शोधण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

याच कार्यालयांचा दुसरा पराक्रम म्हणजे प्रिंट काढा, सही करा, स्कॅन करा, मेल करा. डिजिटल सही असलेला सातबारा घ्यायचा, तो छापून पुन्हा स्कॅन करायचा आणि त्यातली डिजिटल सही मारून टाकायची. मूळ फाइल स्वच्छ, छोटी आणि शोधण्याजोगी असते. स्कॅन होतो तिरपा, जड आणि मुका, कारण अक्षरांचं चित्र झालं की साध्या शोधाला त्यातलं काही वाचता येत नाही. हरवण्यासाठीच तयार केलेला कागद!

मी घरोघरी काय करतो, ते गुपित नाही. आधी मूळ मेल. नाही मिळाला तर स्पॅम आणि ट्रॅश. जीमेल तिथला माल तीस दिवसांनी पुसतं, तेव्हा तिथे घाई हवी. मग ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून जे, म्हणजे उतरवलेल्या फाइलींची यादी समोर येते आणि तिथूनच फोल्डर उघडता येतं. मग डाउनलोड्समध्ये तारखेचा क्रम लावायचा, नाव आठवत नसलं तरी दिवस आठवतो. मग वर्ड किंवा एक्सेल उघडून अलीकडच्या फाइलींची यादी, ती लपवलेल्या फोल्डरातला पत्तासुद्धा कधी कधी सांगून जाते. मग अँटिव्हायरसने बाजूला काढून ठेवलेल्या फाइली. शेवटी पाठवणाऱ्याला फोन: ‘तुमच्या सेंटमध्ये बघा, खरंच जोडलं होतं का?’ यात विद्या कुठेही नाही. हा क्रम त्या पडद्यावरच मराठीत लिहून ठेवायला कुणाची हरकत होती?

हरकत अशी, की माणसाला आपला माल कुठे आहे हे कळलं तर तो दुसऱ्याच्या ढगात भाडं कशाला भरेल? दुरुस्तीवाल्याला फॉरमॅटचे पैसे कशाला देईल? कार्यालयाला उलट प्रश्न का विचारणार नाही? गोंधळात बऱ्याच जणांची पोटं भरतात, म्हणून गोंधळ टिकतो आणि खापर मात्र घरातल्या सगळ्यांत भित्र्या माणसाच्या माथी फुटतं. पुढच्या वेळी कार्यालयातून बेनामी ‘स्कॅन०००१’ आला तर तो तसाच परत पाठवा आणि लिहा: नाव घालून पाठवा, तोवर कागद मिळाला नाही असं समजतो. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅटचं नाव काढलं तर मेल आणि सी ड्राइव्हची प्रत आधी मागा, आणि ती हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. शरमायची पाळी आता त्यांची आहे.