दोर कुणी पाहिला का?

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी स्क्रीनपासून लांब राहा म्हणून बजावले होते. पण आज राहवले नाही, कारण घरच्याच मंडळींशी भांडण झाले आहे. भांडण कशावरून, तर दोरावरून.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित विहिरीचा तळ या उन्हाळ्यात आणखी पंधरा फूट खाली न्यायचे पुतण्यांनी ठरवले आहे. त्याला माझी ना नाही. पाणी खाली गेले, तर माणसाला त्याच्यामागे जावेच लागते. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एवढेच विचारले, "यारीवाल्याचा दोर कुणी पाहिला का?" उत्तर आले, "नाना, ते ठेकेदाराचं काम. आपण फुटावर पैसे देतो." खाली तीन हसरे चेहरे. मग मी खाणीत हे काम कसे करतात त्याबद्दल चार ओळी टाकल्या. त्यावर थोरला पुतण्या म्हणतो, "खाणीची गोष्ट वेगळी नाना. आपली साधी विहीर आहे."

आजचा लेख या एका वाक्याला उत्तर म्हणून आहे. वाक्य त्याचे एकट्याचे नाही, आपल्या सगळ्यांचे आहे. बरीच वर्षे माझेही होते.

ज्या शहरी मंडळींनी यारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीच्या काठावर एक लोखंडी खांब उभा करतात. त्याला आडवा फिरणारा हात, शेजारी डिझेल इंजिन, हातावरून खाली सोडलेला तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला हुकात अडकवलेली लोखंडी बादली. खाली चार-पाच माणसे. कंप्रेसरच्या ड्रिलने खडकात भोके पाडायची, तोटे भरायचे, सुरुंग उडवायचा, फुटलेला दगड बादलीत भरायचा. बादली वर जाते, रिकामी होऊन खाली येते. दिवसभर हेच. संध्याकाळी माणसेही त्याच बादलीत एक पाय टाकून, दोर धरून वर येतात.

आता खाण. नोकरीची पहिली चार वर्षे मी बल्लारपूरला काढली, १९७४ ते १९७८. वर्गातली निम्मी मुले कोळसा खाणीतल्या कामगारांची. एकाचे वडील शाफ्टच्या इंजिनावर होते. सुट्टीच्या दिवशी चहाला बोलावून ते मला त्यांच्या यंत्राविषयी तासन्‌तास सांगत. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, पण त्यांनी मला चांगले शिकवले. शाफ्ट म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीरच. ती खोदायची रीत ऐकली आणि मी म्हणालो, "अहो, ही तर आमची यारी!" ते हसले आणि म्हणाले, "सर, काम तेच आहे. फक्त आमच्याकडे माणूस मोजतात."

हा फरक त्यांनी मला एकेक करून दाखवला.

शाफ्टच्या तोंडावर मनोरा असतो, त्यावर मोठी चाके, बाजूच्या इंजिनघरात दोर गुंडाळणारा ड्रम. ज्या दोरावर माणसे न्यायची तो प्रत्यक्ष भाराच्या साधारण दहापट वजन पेलणारा हवा. ठराविक महिन्यांनी दोराचे टोक कापून तपासतात. दोराचे वय झाले की तो दिसायला कितीही चांगला असो, बाद. इंजिनवाल्याच्या चुकीने डोली फार वर ओढली गेली, तर ती दोरापासून सुटून वरच अडकून राहील असा हूक असतो. वर-खाली घंटीच्या ठोक्यांची भाषा ठरलेली, आणि माणसे बसली असतील तर त्याचे ठोके निराळे. शाफ्ट खोदताना बादली काठाच्या वर भरायची नाही. जमिनीवरून थोडी उचलून, तिचे हेलकावे थांबवून मगच वर न्यायची.

खोदकाम चालू असताना तळाच्या थोडे वर दोरांवर टांगलेले एक लोखंडी मचाण असते. बादली जाण्यापुरते त्यात भोक ठेवतात. भिंतीचे काँक्रीट त्या मचाणावर उभे राहून करतात. पण त्याचा दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. वरून पाना निसटला, दगड सुटला, तर बहुतेक वेळा तो या मचाणावर अडतो. खालच्या माणसाच्या डोक्यावर काहीतरी छप्पर असते.

आणि चालू शाफ्ट आणखी खोल करायचा असेल तर? आमच्या विहिरीसारखाच प्रश्न. तिथे जुन्या तळाखाली खडकाचा जाड थर मुद्दाम तसाच राखतात, किंवा तुळयांचे भक्कम छत घालतात, आणि त्याच्या खाली जाऊन नवे खोदकाम करतात. वरची डोली दोर तुटून कोसळली तरी ती त्या थरावर आदळावी, माणसांवर नाही, म्हणून. सगळे पुरे झाले की शेवटी तो थर काढतात.

पुढची यंत्रे तर आणखी पुढे गेली. १९६२ पासून असे यंत्र वापरात आहे, की वरून एक बारीक भोक खालच्या बोगद्यापर्यंत पाडायचे, खाली गेलेल्या दांड्याला मोठे दातेरी डोके जोडायचे आणि ते फिरवत फिरवत वर ओढायचे. चुरा आपोआप खाली पडतो. भोकात एकही माणूस उभा राहत नाही. कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात जॅन्सेन इथे पोटॅशच्या खाणीसाठी जवळजवळ एक-एक किलोमीटर खोल दोन शाफ्टची खोदाई २०१८ मध्ये पुरी झाली. तिथे तळाचा खडक फिरत्या ड्रमने खरवडला आणि चुरा हवेच्या जोराने वर खेचला. ते यंत्र पारनेरला आणा असे मी म्हणत नाही. एवढा खुळा झालेलो नाही. मी म्हणतो, निदान दोर पाहा.

आता दुसरी बाजू. माझ्या काही ब्लॉगमित्रांनी २०२३ मध्ये मोठ्या हौसेने लिहिले होते की उत्तराखंडात सिलक्याराच्या बोगद्यात यंत्र हरले आणि माणूस जिंकला. १२ नोव्हेंबरला ४१ कामगार अडकले. ढिगाऱ्यातून पाइप घालणारे परदेशी यंत्र मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर हाताने खोदणाऱ्यांनी खोदले आणि २८ तारखेला सगळे बाहेर आले. त्या माणसांना माझा दंडवत. पण मंडळी, ते कुठे बसून खोदत होते? त्याच मोडक्या यंत्राने आत ढकललेल्या ८०० मिलिमीटरच्या पोलादी पाइपात. त्यांच्या डोक्यावर छत होते, आणि ते खोदतील तसा पाइप पुढे सरकवायला यंत्रच होते. याला यंत्राचा पराभव म्हणायचा असेल तर म्हणा. मला त्यात माणूस आणि यंत्र एकाच बाजूला दिसतात.

असे छत नसताना हाताने खोदणे म्हणजे काय, ते मेघालयात बघा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिथल्या त्या उंदरांच्या बिळांसारख्या कोळसा खाणींवर बंदी घातली होती. तरी डिसेंबर २०१८ मध्ये क्सान इथल्या खाणीत पाणी शिरले आणि पंधरा जण आत राहिले. आणि यंत्र माणसाच्या बाजूने उभे राहिले की काय होते, तेही आपल्याच देशात झाले आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी भरले. वरून नवे उभे भोक पाडून त्यातून पोलादी पिंजरा खाली सोडला आणि ६५ माणसे एकेक करून वर काढली. जसवंतसिंग गिल हे इंजिनिअर स्वतः त्या पिंजऱ्यातून खाली उतरले होते.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

१९८६ च्या उन्हाळ्यात आमच्या याच विहिरीचे काम यारीने केले होते. मी तेव्हा गावाकडच्या शाळेत बदलून आलो होतो. सुट्टी होती, रोज काठावर खुर्ची टाकून बसत असे. बल्लारपूरला एवढे ऐकून आलेला माणूस. यारीचा दोर माझ्या डोळ्यांसमोर होता. दोन ठिकाणी तारा तुटून काट्यांसारख्या बाहेर आलेल्या. एका जागी जोड दिलेला. हुकाला जीभ नव्हती, तिथे सुतळी बांधलेली. मी ते पाहिले. आणि मी ठेकेदाराशी बोललो ते फुटाच्या दराबद्दल. रुपये कमी करून घेतले याचा घरात सगळ्यांना आनंद झाला.

आमच्या विहिरीत काही झाले नाही. पुढच्या वर्षी तीच यारी, तीच टोळी शेजारच्या गावात होती. नववीत शाळा सोडलेला माझा एक विद्यार्थी त्या टोळीत खाली दगड भरायला होता. भरलेली बादली अर्ध्यावरून सुटली. दोर तुटला की हूक निसटला, लोक दोन्ही सांगत. मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही, त्याचे भाऊ अजून गावात आहेत. शाळेत आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो. त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने मला चहा केला. "सर, नशीब," म्हणाली. मी मान हलवली.

मान हलवली याची लाज मला आजही वाटते. कारण नशीब नव्हते. तो दोर मी पाहिला होता.

नशिबाबद्दल इतिहासाच्या मास्तराकडून एक गोष्ट ऐका. १८६२ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हार्टली इथल्या कोळसा खाणीत पाणी उपसणाऱ्या इंजिनाची अवाढव्य लोखंडी तुळई मोडली आणि शाफ्टमध्ये कोसळली. खाणीला शाफ्ट तो एकच. २०४ माणसे आणि पोरे मेली. तिथल्या बायकाही रडल्याच असतील, त्यांनीही देवाची मर्जी म्हटले असेल. पण त्याच वर्षी कायदा झाला की खाणीला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. यंत्राने मारले म्हणून कुणी यंत्र टाकून दिले नाही, आणि नशीब म्हणून कुणी गप्पही बसले नाही. आपल्याकडे मात्र विहीर बळी मागते म्हणून नारळ फोडतात. नारळ जरूर फोडा. त्याच्या आधी हुकाची जीभ बघा.

आमचा पुतण्या म्हणतो तसा कायदाही विहीर वेगळी धरतो. १९५२ च्या खाण कायद्याची शिस्त खनिज काढणाऱ्यांसाठी होती, पाणी काढणाऱ्यांसाठी नव्हती. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, तो दहा माणसांपासून पुढे होता. यारीच्या टोळीत माणसे पाच-सहा. म्हणजे साठ फूट खोल जाऊन कोळसा आणला तर तुमचा दोर तपासायला सरकारी माणूस येणार, आणि तेवढेच खोल जाऊन पाणी आणले तर कुणी नाही. खडकाला हा फरक कळत नाही. वरून पडणाऱ्या बादलीलाही नाही.

कुणी म्हणेल, यंत्राच्या आणि नियमांच्या नादात गरिबाच्या पोटावर पाय येईल. १९७२ च्या दुष्काळात मी डोक्यावर पाट्या घेऊन विहिरीतून वर येणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. यारी आली आणि त्यांचे काम गेले. तेव्हा कुणाला पोटाची आठवण झाली नाही, कारण दगड लवकर वर येत होता. दगड वर काढायला यंत्र चालते. माणूस धड वर यावा म्हणून काही लावायचे म्हटले की मात्र गरिबाचा कळवळा येतो.

खर्चाचेही तेच. एका विहिरीवर किती लाख जातात ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. त्यात नव्या दोराचे आणि जीभ असलेल्या हुकाचे पैसे किती? पाणी लागल्यावर गावजेवण घालतो, त्याहून कमी.

तेव्हा पुतण्यांनो, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी यंदा विहिरीचे काम आहे त्या सर्वांनो, म्हाताऱ्याचे चार शब्द ऐका. काम सुरू होण्याआधी दोर पूर्ण उलगडून दिवसाउजेडी पाहा. जोडाचा असेल तर परत पाठवा. बादली काठोकाठ भरू देऊ नका. ती वर जात असताना खालच्यांनी कडेला, जाड फळ्यांच्या आडोशाला उभे राहायचे. सुरुंगाचा धूर निघून जाईपर्यंत कुणी उतरायचे नाही. डिझेलचा पंप विहिरीच्या आत कधीही चालवायचा नाही, त्याच्या धुराने माणूस आवाज न करता जातो. टोळीतल्या प्रत्येकाचा विमा आपण उतरवायचा. आणि फुटाचा दर ठरवताना घासाघीस करू नका, कारण त्या घासाघिशीतले पैसे ठेकेदार दोरातून वसूल करतो. हे मी स्वतः करून बसलो आहे.

पुतण्या रागावला असेल. रागावू दे. मी रविवारच्या एस.टी.ने येतो आहे. नव्या दोराचे पैसे माझ्या पेन्शनमधून देणार, त्यावर वाद नको. काठावर माझी खुर्ची टाकून ठेवा. या वेळी मी दराबद्दल बोलणार नाही.

कळावे, लोभ असावा.