आरशाला अडकवलेलं हेल्मेट

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोहल्ल्यातला विशीतला एक मुलगा म्हसळ्याहून येताना बाईकवरून पडला आणि गेला. तो मागे बसला होता. आरशाला अडकवलेल्या हेल्मेटला ओरखडाही आला नव्हता. त्याला दफन करून कब्रस्तानातून आम्ही बाईकनेच परतलो. डोक्यावर टोप्या होत्या, हेल्मेट एकाच्याही नव्हतं. माझ्याही नाही.

'अति घाई संकटात नेई' आपल्याला शाळेपासून पाठ आहे. अपघातांचे रक्ताळलेले व्हिडिओ आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवतो आणि किक मारतो. माहिती कमी पडते असं मला वाटत नाही. 2022 मध्ये देशात हेल्मेट नसलेले 50,029 जण मेले. त्यातले 14,337 मागे बसलेले होते. मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, हे मात्र आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही.

मग मोहीम चालते कधी? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 1989 मध्ये अंगावर काटा आणणाऱ्या जाहिराती टीव्हीवर सुरू झाल्या. त्याच काळात रस्त्यावर दारूची तपासणी आणि वेगाचे कॅमेरेही वाढले. 1989 मध्ये तिथे रस्त्यांवर 776 माणसं मेली होती, 1992 मध्ये 396. मंदीमुळे गाड्याही कमी धावल्या, तेही खरं. पण जाहिरात बघून बाहेर पडलेल्याला पुढच्या वळणावर पोलीस भेटत होता. ऑस्लोच्या संशोधकांनी 2011 मध्ये 67 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मोहिमांच्या काळात अपघात सरासरी 9 टक्क्यांनी घटलेले दिसले. समोरासमोर सांगणाऱ्या, रस्त्यावरच निरोप देणाऱ्या आणि जोडीला तपासणी असलेल्या मोहिमांचा उपयोग जास्त झाला.

आपल्याला यासाठी ऑस्लो कशाला हवं? सौदीहून सुट्टीवर आलेला चाचा बघा. तिथे बेल्ट न लावणारा 2018 पासून कॅमेऱ्यात टिपला जातो, म्हणून तो न चुकता बेल्ट लावतो. मुंबईच्या विमानतळावर उतरला की बेल्ट सुटतो. माणूस तोच, अक्कलही तीच.

आपल्याकडे जानेवारीत फलक लागतात, फोटो निघतात आणि फेब्रुवारीत तपासणी विरते. त्यात मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून रखडलेलं. रस्ता खोदून ठेवायचा आणि उपदेश फक्त चालकाला करायचा, तर ऐकणार कोण? वर्षभर तपासणी आणि नीट रस्ता हे सरकारकडून भांडूनच घ्यावं लागेल.

पण समोरासमोर सांगायचं काम पोलिसापेक्षा आपल्याला जास्त जमेल. पोरगा फलकाचं ऐकत नाही, मित्राचं ऐकतो. "मागे बसतोस तर हेल्मेट घाल, नाहीतर उतर," एवढं म्हणायला मला त्या मुलाच्या मरणानंतरही दोन महिने लागले. ज्याला म्हटलं तो हसला, पण त्याने घातलं. आता पोरं म्हणतात, जुम्याला हेल्मेट ठेवायचं कुठे? म्हणून जमातीच्या ट्रस्टींकडे चपलांच्या फळीवर आणखी एक फळी मागितली आहे. सुतार आमच्यातलाच आहे, लाकडाचेच पैसे लागतील.