आईचं नागरिकत्व दुय्यम का?

परदेशात जन्मलेल्या मुलाला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने वंशाचा हक्क दिला, तो फक्त भारतीय बापाकडून. आई कलमात नव्हतीच. १९९२ च्या दुरुस्तीने ती आली. पण १० डिसेंबर १९९२ पूर्वी जन्मलेल्यांना आजही जुनाच नियम. म्हणजे भारतीय आई, परदेशी बाप, दोन मुली: १९९१ ची थोरली परकी, १९९३ ची धाकटी भारतीय! घटनेचं १५ वं कलम मात्र १९५० पासून लिंगभेद नाकारतं.

‘अटी पुऱ्या करून नोंदणीचा अर्ज करता येतो की,’ असं मला ऐकवलं जातं. बापाच्या नावावर जे हक्काने मिळतं, ते आईच्या नावावर मागून का घ्यायचं? मैत्रिणींनो, दुरुस्ती १९५० पासून लागू झालीच पाहिजे!